मार्गशीर्षातला मोगरा

आत्याबाई फाटकापाशी स्टूल टाकून बसल्या होत्या आणि काही केल्या उठायला तयार नव्हत्या. पुढं धरलेल्या पदरात मोगऱ्याचा पांढराशुभ्र ढीग होता.

"आत्याबाई, आत चला. चहा गार झाला तुमचा."

"चहाचं काय घेऊन बसलीस? शकू येतीय माझी. दुपारच्या गाडीनं येईल. शेवया केल्यास का?"

"कुठल्या शेवया?"

"आता गं बाई! पोरं येणार सुट्टीला, आणि ही म्हणती कुठल्या शेवया. बघ तरी, मोगरा कसा लागलाय. चैत निम्मा सरला."

मी मोगऱ्याकडं बघितलं. झाड खोटं बोलत नव्हतं. कोवळी पोपटी पानं आणि पानागणिक कळ्यांचे झुबके. उन्हाळ्याच्या तोंडावर दिसतं तसंच सगळं. फक्त आदल्या दिवशीच मी मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास सोडला होता.

आमचं घर फलटणच्या कडेला. पुढं बेताचं अंगण आणि अंगणाच्या तिन्ही बाजूंनी माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची फुलझाडं. मामंजी गेले आणि त्यानंतर त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायचा राहायचा. मग देवळातून येताना गल्ली चुकायची. मग एका सकाळी मी त्यांची वेणी घालत होते, तर मान वळवून म्हणाल्या, "बाई, तुम्ही कुणाच्या?" त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. डॉक्टर म्हणाले होते, "गेलेलं परत यायचं नाही. पण ज्याची त्यांना सवय आहे, ते तेवढं तुटू देऊ नका."

सवय बागेची होती. आंघोळ झाली की परडी घेऊन बागेत, आणि बागेत गेल्या की त्यांना महिना कळायचा. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्या दृष्टीनं नुसता कागद झाला होता, पण तेरडा फुलला की म्हणायच्या, "गौरी आल्या, भांडी काढ माळ्यावरची." झेंडूला कळी धरली की दसऱ्याचं धुणं निघायचं. शेवंती पिवळी फुलली की गुरुवारची मांडणी. मोगरा आला की सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे शकू. तगर, जास्वंद, कण्हेर ही बारमाही फुलं त्या देवाला वाहायच्या, पण त्यांना मान द्यायच्या नाहीत. "त्यांचं काय? बसलेलीच असतात दारात," म्हणायच्या.

माणसं चुकायची, पण महिना चुकायचा नाही. तेवढ्या एका धाग्यावर आमचं घर चाललं होतं. आणि त्या वर्षी पावसानं तो धागाच तोडला.

आमच्याकडं पाऊस म्हणजे उभ्या उभ्या येऊन जाणारा पाहुणा. त्या वर्षी तो उशिरा आला आणि मुक्कामालाच राहिला. दसऱ्यात पाऊस, दिवाळीत पाऊस, आकाशकंदील भिजून लोळागोळा. आमचे हे साखर कारखान्यात फिटर. एरवी दिवाळी झाली की धुराडं पेटायचं. त्या वर्षी ऊस पाण्यात उभा, बैलगाड्या चिखलात, हंगाम पुढं पुढं ढकलला जात होता. अंगणात तर डबकंच झालं. झेंडूच्या कळ्या न उमलताच काळ्या पडल्या. शेवंतीला मर लागली. सकाळी हिरवं दिसणारं झाड संध्याकाळी मान टाकायचं. उपटून बघावं तर मुळं कुजून नुसती लिबलिबीत. पानांवर गोगलगाई. मोगऱ्याची पानं पिवळी पडून सगळी गळाली, खाली नुसत्या काड्या राहिल्या.

आत्याबाई परडी घेऊन जायच्या आणि तगरीची दोन फुलं घेऊन परत यायच्या.

"शैला, महिना कुठला गं?"

"कार्तिक, आत्याबाई."

"मग दसरा?"

"झाला की."

"झेंडू न्हाई आणि दसरा झाला?"

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दिवसभर तेच. पुढं पुढं त्या घाबरायला लागल्या. घर आपलं आहे का, असं विचारायच्या. एका सकाळी फाटक उघडं दिसलं आणि आत्याबाई नाहीत. मी चिखलातून तशीच धावले. त्या कॉलनीच्या पार टोकाला, परक्याच्या कुंपणापाशी उभ्या होत्या, ओल्या चिंब. "आपली बाग कुठं गेली गं?" म्हणून मला विचारलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्या दिवशी हे कारखान्यातून आले आणि मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते नर्सरीतून शेवंतीच्या तयार कुंड्या घेऊन आले. रोपं कुंड्यांतून काढली आणि जुन्या वाफ्यात ओळीनं लावली. सकाळी आत्याबाईंना हाताला धरून नेलं.

"आई, बघ. शेवंती आली."

आत्याबाई खाली वाकल्या. फूल नाही बघितलं, बुडाशी बोट घालून माती बघितली.

"ही तांबडी माती आपली न्हवं," म्हणाल्या. "कुणाची बाग उपटून आणलीस रं दत्ता? बाई रडत असंल ती."

हे तिथून उठले. हात धुवायला मागं गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आमचे हे तसेच. कमी बोलायचे आणि दुखलं की त्याहून कमी.

मग पाऊस एकदाचा गेला. म्हटलं, आता थंडी पडेल, निदान उरलेली चार रोपं तग धरतील. पण थंडी आलीच नाही. मार्गशीर्ष लागला तरी पंखे चालू, स्वेटर ट्रंकेत. दुपारचं ऊन असं, की वाळवण घालावं. आणि एका सकाळी आत्याबाईंची हाक आली, "शैला, धाव गं!" मी पोळी तव्यावर टाकून पळाले. मोगऱ्याच्या त्या काड्यांना पालवी फुटली होती आणि कळ्याच कळ्या.

"पावसात पानं झडली, वर असं ऊन पडलं," हे म्हणाले. "त्याला वाटलं, छाटणी झाली आणि उन्हाळा आला."

झाडाला वाटलं आणि आत्याबाईंनाही. पण इतक्या दिवसांची त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती गेली. महिना सापडला होता त्यांना. मग त्यांना "हा मार्गशीर्ष आहे" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हटलं, असू दे चैत्र. पण चैत्र आला की मागोमाग शकूची वाट बघणं आलं. तिथंच अडलं सगळं.

शकूताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. पुण्याला हडपसरला असते, शिवणाचा क्लास चालवते. दरवर्षी सुट्टीत मुलांना घेऊन यायची आणि घर नुसतं दणाणून जायचं. हे एरवी मुके, पण बहीण आली की दोघं अंगणात खाट टाकून हसत बसायचे. ते सगळं मामंजी गेले त्या वर्षी थांबलं.

मामंजींच्या छातीत दुखायला लागलं, त्यांना साताऱ्याला दवाखान्यात नेलं. आत्याबाई आणि हे तिकडं होते, मी इथं मुलींपाशी, तेव्हा त्यांची लग्नं व्हायची होती. काही दिवस ते तिथं होते, बरे वाटत होते, आणि एका पहाटे गेले. शकूताईला फोन गेला तो तेव्हा. भावकीनं थांबू दिलं नाही, ती आली तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती. रिक्षातून उतरली ती सरळ ह्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

"कधीपासून दवाखान्यात होते अण्णा?"

ह्यांनी सांगितलं.

"आणि मला आज कळवतोस? तोंड तरी बघू दिलं असतंस की रे."

हे खाली मान घालून उभे.  मला वाटलं, काहीतरी बोलतील, निदान चुकलो म्हणतील. नाहीच.

दिवस होईपर्यंत ती राहिली, पण भावाशी बोलली नाही. निघताना मला म्हणाली, "वहिनी, तुमच्याशी माझं काही नाही. पण माझं माहेर अण्णांबरोबर गेलं." त्यानंतर ती आली नाही. आईला फोन करायची. पुढं आत्याबाईंचं बोलणं असंबद्ध झालं तेव्हा तोही कमी झाला. मी एकदोनदा ह्यांना विचारलं, का नाही हो कळवलं? "राहून गेलं," म्हणाले. ही काय राहून जायची गोष्ट आहे? पण त्यापुढं मी कधी ताणलं नाही.

आता आत्याबाई रोज फाटकाशी बसायला लागल्या. जेवायला म्हटलं की, "शकू आली की तिच्या संगं." दुपार टळून जायची. दोन घास कसेबसे जायचे. पदरातली फुलं मलूल व्हायची, मग त्या ती मडक्यातल्या पाण्यात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी.

त्या शुक्रवारी त्यांचा चहा तसाच ओतून दिला आणि मी माजघरात जाऊन फोन लावला. ह्यांना विचारलं नव्हतं.

"शकूताई, याल का दोन दिवस?"

पलीकडं शिलाई मशीन थांबलं. "आई बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. तुमची वाट बघतायत. उन्हाळा आहे म्हणतात."

"आत्ता? डिसेंबरात?"

"मोगरा फुललाय."

"काय सांगता वहिनी!" ती हसली. अगदी पूर्वीसारखं हसली. मग मशीन उगीच एकदा फिरलं. "मला दादाचं तोंड बघवायचं नाही. खरं सांगते."

"त्यांची पाळी असते. हंगाम आत्ताच सुरू झालाय, ते घरी असतात किती? तुम्ही आईकडं या. त्या जेवत नाहीत हो."

ती रविवारी सकाळी आली. एकटीच, हातात एक पिशवी. फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि स्टुलावर बसलेल्या आईकडं बघून तिचा चेहरा फुलला. "आई!"

आत्याबाईंनी मान वर केली. नीट निरखून बघितलं. शकूताईचे केस कानांवर पांढरे झाले होते, चष्मा लागला होता.

"शकू न्हाई आली अजून," आत्याबाई म्हणाल्या. "यील आता. तुम्ही बसा की."

शकूताईनं माझ्याकडं बघितलं.  मग तिनं पिशवी खाली ठेवली, आतून पाट आणला आणि आईच्या शेजारी मांडला.

"बसते," म्हणाली. "मीपण तिलाच भेटायला आले."

आणि दोघी मायलेकी रस्त्याकडं बघत बसल्या.

दुपारपर्यंत आत्याबाईंनी तिला ओळख देऊन टाकली. "गोदे, तू नातेपुत्याहून आलीस न्हवं? यष्टी मिळाली का नीट?" गोदावरी म्हणजे आत्याबाईंची धाकटी बहीण, वारून कितीतरी वर्षं झालेली. शकूताई मावशीच्या वळणावरच गेली होती. ती मावशीसारखं म्हणाली, "मिळाली की, आक्का." त्या दिवशी आत्याबाई भाकरी खाऊन उठल्या. गोदीच्या ताटात जेवल्या.

संध्याकाळी हे आले. दारात परक्या चपला बघून थबकले.

"कधी आलीस?"

"सकाळी."

"जेवलीस?"

"हो."

एवढंच. हे मागच्या दारानं आत गेले. त्यानंतर दोघं एकाच घरात असे वावरत होते, की एक बाहेर आला की दुसरा आत. मला वाटायला लागलं, बोलावून मी चूकच केली.

दोनतीन दिवसांनी ह्यांची सुट्टी आली. सकाळपासून ते बागेच्या त्या टोकाला शेवंतीचा मेलेला वाफा खणत होते. कुजकी माती काढून उन्हाला टाकायची होती. इकडं ओट्यावर आम्ही तिघी. मी तांदूळ निवडत होते, आत्याबाई आणि शकूताई गजरे ओवत होत्या. विसरलेल्या हातांना ओवणं मात्र येत होतं. कळी, कळी, गाठ. कळी, कळी, गाठ.

"लई लागला औंदा मोगरा," शकूताई म्हणाली. "शकूला किती गजरे होतील, आक्का!"

आत्याबाईंचे हात थांबले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"गोदे, एक सांगू? कुणापाशी बोलू नगंस."

"न्हाई बोलत."

"शकू एवढ्यात यायची न्हाई. मी आपली दारात बसती जिवाला बरं म्हणून. तिला सांगितलंच न्हाई."

"काय सांगितलं न्हाई?"

"ह्यांना दवाखान्यात घातलंय. छातीत कळ येती. दत्ता म्हणला, शकूला बोलवून घेतो. तर ह्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं. म्हणले, तिच्या पोराची दहावी चाललीय, ऐकलं की ती तशीच उठून येईल, पोरगं एकलं पडंल. पेपर संपू दे. तवर मला काय होत न्हाई."

शकूताईच्या हातात सुई तशीच होती. मी तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"दत्ता ऐकंना," आत्याबाई सांगत होत्या. कालपरवाची गोष्ट सांगावी तशा. "एवढा बाप्या गडी, रडाय लागला. म्हणला, अण्णा, ती मला जन्मात माफ करायची न्हाई. तर ह्यांनी काय करावं? त्याचा हात माझ्या डोस्क्यावर ठेवला आणि आण घातली. आईची आण हाय तुला, म्हणले. हात काढंना गं तो माझ्या केसांतनं." त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग काय करंल लेकरू? बाहेर जाऊन उभं ऱ्हायलं. चार दिसांत पेपर संपतील. मोगरा पण भरात येईल तवर. मग शकू येईल, आणि तिला बघितलं की ह्यांना पण बरं वाटंल. व्हय का न्हाई?"

 शकूताईनं मान हलवली.

"तू सांगू नगंस हं तिला."

"न्हाई सांगत, आक्का."

आत्याबाईंनी पुढची कळी उचलली.  शकूताई मांडीवरची फुलं अलगद परडीत ठेवून उठली आणि अनवाणीच बागेच्या त्या टोकाला गेली. मी आत्याबाईंपाशी होते, पण बाग ती केवढी! सगळं ऐकू येत होतं.

ह्यांनी तिला येताना बघितलं आणि कुदळ थांबवली.

"अण्णांनी आण घातली होती तुला?"

हे दचकले. आधी माझ्याकडं बघितलं. मला काही माहीत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. मग आईकडं बघितलं.

"आई बोलली?"

"तू का नाही बोललास? मी दारात उभी राहून तुला नाही नाही ते बोलले. सगळ्यांसमोर. तेव्हा का नाही सांगितलंस? त्यानंतर का नाही?"

"काय सांगणार होतो? अण्णांनी नको म्हटलं म्हणून?" हे कुदळीच्या दांड्याकडं बघत बोलत होते. "ते त्याच दिवशी गेले होते शकू. त्यांनी आपल्याला येऊ दिलं नाही, असं तुझ्या मनात राहिलं असतं. ते कसं निघणार होतं? आणि निखिलला कळलं असतं, की त्याच्या पेपरापायी आईला तिचे वडील बघायला मिळाले नाहीत. पोराच्या डोक्यावर ते कशाला?"

"म्हणून तुझ्या डोक्यावर घेतलंस?"

"माझ्याशी तुला भांडता येत होतं," हे म्हणाले. "मला वाटलं, वर्ष-दोन वर्षं भांडशील. मग येशील."

"मी आले नाही रे दादा."

"नाही आलीस."

शकूताई तिथंच, उकरलेल्या ढेकळांत बसली आणि तोंडात पदर घेऊन रडली. हे उभेच. त्यांना अशा वेळी काय करावं ते कधी कळायचं नाही. शेवटी कुदळ टाकून तेही खाली बसले, चिखलाचे हात गुडघ्यांवर ठेवून. मी आत जाऊन उगीचच भांडी लावत राहिले. माझ्याही डोळ्यांना खळ नव्हता. इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी उशी टाकून झोपले, आणि हे माणूस एवढं घेऊन झोपत होतं.

दोन दिवसांसाठी आलेली शकूताई महिनाभर राहिली. क्लासच्या बायकांना कळवून टाकलं. शेवया केल्या. उन्हं तशी होतीच. खाटेवर साडी अंथरून शेवया वाळत घातल्या आणि आत्याबाई काठी घेऊन कावळे राखत बसल्या. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची, ह्या बाया काय पौषात शेवया वाळवतायत! निखिल एका रविवारी येऊन गेला. नोकरीला लागलेला, दाढी राखलेला. आजीनं त्याला विचारलं, "पेपर कसा गेला?" आईनं त्याला काही सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं नाही असं दोघा भावाबहिणींचं ठरलं होतं. "मस्त गेला आजी," तो म्हणाला. आत्याबाईंनी त्याच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

त्या महिन्यात त्यांनी शकूताईला शकू म्हणून एकदाही ओळखलं नाही. ती गोदीच राहिली. पहिल्यांदा तिला फार लागलं ते. मग एकदा मला म्हणाली, "वहिनी, आई गोदीशी जे बोलते ना, ते शकूशी कधीच बोलली नसती." हे आणि ती पुन्हा अंगणात खाट टाकून बसायला लागले. हसू लगेच आलं नाही. आधी नुसते बसायचे. मग हळूहळू अण्णांच्या गोष्टी निघायला लागल्या. एकदा मी चहा घेऊन गेले तर हे मामंजींची नक्कल करत होते. लग्नानंतर मी ती पहिल्यांदाच बघितली.

मग एका पहाटे वारं फिरलं. उत्तरेकडून असा काही गारठा आला की घागरीत हात घालवेना. सकाळी बघितलं तर मोगऱ्याच्या कळ्या तांबूस पडून गळल्या होत्या. आत्याबाई झाडापाशी गेल्या, हात लावून बघितला. मला धास्ती, आता पुन्हा महिना हरवणार. पण त्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली आणि म्हणाल्या, "सरला बाई मोगरा." आणि मुकाट्यानं तगरीची फुलं खुडायला लागल्या.

त्याच दिवशी शकूताई निघाली. आईच्या पाया पडली. "येते, आक्का." आत्याबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले आणि म्हणाल्या, "घरी सगळी वाट बघत असतील. जा." हे तिला स्टँडवर सोडायला म्हणून स्कूटरवर गेले. घरातल्याच कपड्यांत, पायात अंघोळीच्या स्लिपर.

तास झाला, दोन तास झाले, ह्यांचा पत्ता नाही. फोन घरातच राहिलेला. संध्याकाळ व्हायला आली तशी माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. शेजाऱ्यांना स्टँडवर पाठवावं म्हणून मी उठणार, तोच शकूताईचा फोन आला.

"वहिनी, काळजी करू नका. दादा माझ्याकडं आहे."

"तुमच्याकडं? पुण्याला?"

"गाडी सुटताना वर चढला. खिडकी नीट लागत नाही, लावून देतो म्हणाला. मग शेजारी बसला तो बसलाच. कंडक्टर आला तर म्हणाला, दोन द्या." ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "स्कूटर स्टँडवरच आहे. कारखान्यात कळवा म्हणतोय, उद्या यायचा नाही. आत्ता माझ्या मशीनचा पट्टा बसवतोय."

मी फोन ठेवला. बाहेर चांगलाच गारठा पडला होता. आत्याबाई ओट्यावर शाल घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

"दत्ता दिसंना गं कुठं," त्या म्हणाल्या.

"शकूकडं गेलेत, आत्याबाई."

त्यांनी थोडा वेळ रस्त्याकडं बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खेळू दे," म्हणाल्या. "पोरं हायती. अंधार पडला की येतील घरला."